गौरीच्या कपाळावरची धूळ

कुमुदताई, टेबलावर पांढरा टॉवेल अंथरलाय. पंखा बंद केलाय. खिडकी लावून घेतलीय, कारण समोरच्या प्लॉटवर आज पुन्हा खडी उतरवताहेत. कुंचला, टॉर्च, मलमलीचं फडकं, छोटा व्हॅक्युम, सगळं हाताशी आहे. गौरीचा मुखवटा खोक्यात आहे आणि खोकं माझ्यासमोर. झाकण उघडायचं तेवढं राहिलंय, आणि तेच माझ्याच्यानं होत नाही.

उमेळ्याच्या माझ्या घरून इथं गिरीजला, संग्रहालयात येईपर्यंत रिक्षा किती वेळा आदळली ते विचारू नका. गौरीच्या डाव्या गालाचा रंग आधीच पोपडे धरून होता. तो अजून गालावर आहे की खोक्याच्या तळाशी, मला ठाऊक नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "उघड गो. तू नाही बघितलंस म्हणून पडलेला रंग वर चढणार आहे का?" पण तुम्ही नाही. तुमचं तेरावंसुद्धा अजून व्हायचंय. म्हणून खोकं तसंच ठेवून आधी तुमच्याशी बोलते.

समाजाच्या अंकासाठी तुमच्याबद्दल लिहून मागितलंय. जन्म, शिक्षण, टेलिफोन खात्यातली नोकरी, समाजमंदिराच्या मागच्या दोन खोल्यांत उभं केलेलं संग्रहालय. ते कुणीतरी नीट लिहील. मी बसले की मला भलतंच आठवतं. तुमचा तो पुरुषी, चौकटीचा रुमाल आठवतो.

मुंबईहून एक बाई आपल्याला वस्तूंची धूळ कशी काढायची ते शिकवायला आल्या होत्या. पहिलंच वाक्य म्हणाल्या, "हातात काही नको. अंगठ्या, घड्याळं, बांगड्या, सगळं काढा, वस्तूला ओरखडा जातो." आम्ही सगळ्याजणी मुकाट्यानं हात मोकळे करायला लागलो. तुम्ही मात्र पिशवीतून काकांचा, तुमच्या यजमानांचा, रुमाल काढलात, बांगड्यांवर घट्ट गुंडाळलात, दातांनी गाठ मारलीत आणि म्हणालात, "हं, बोला." बाईंनी तुमच्या मनगटाकडे पाहिलं, मग तुमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढचा मुद्दा घेतला.

काका गेल्यावर तुम्ही परत आलात तेव्हाही हातात बांगड्या होत्या आणि बांगड्यांवर रुमाल होता. कुणीतरी नको ते विचारलंच. तुम्ही तांब्याच्या घागरीवरून मान वर न करता म्हणालात, "बांगड्या माझ्या आहेत. त्यांच्या नव्हत्या." विचारणारी निघून गेली. मी शेजारी समई झटकत होते. मला तुमच्याइतकं धीट व्हावंसं वाटलं, आणि लगेच घरी गॅस बंद केलाय ना, याची काळजी लागली. मी अशीच आहे.

अशी आहे म्हणूनच तर आपली ओळख झाली. आम्ही साताऱ्याकडचे, उमेळ्यात फ्लॅट घेतलेले. खाली केळीची वाडी दिसायची म्हणून घेतला, आता तिथंही इमारतीचं पायलिंग चाललंय. बहीण आली होती, तिला दाखवायला म्हणून संग्रहालयात आणलं. तुम्ही मोरपिसांच्या झाडणीनं रंगीत पाळण्यावरची धूळ उडवत होतात. मी जन्मभर लॅबमध्ये नोकरी केलेली, काचपट्टीवर केस पडला तरी ओरडणारी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पिसं अडकतील, रंग निघेल!"

"मग कशानं काढू?" तुम्ही विचारलंत.

"मला माहीत नाही. पण यानं नको."

"मग उद्या ये. दोघी मिळून शोधू."

मला वाटलं होतं, तुम्ही रागावून बोललात. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत आले तर माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती आणि झाडणी दाराबाहेर टाकलेली होती.

आपली धूळ साधी नाही, हे दोघींना हळूहळू कळलं. समुद्राकडून खारट वारा येतो, इमारतींकडून सिमेंट येतं, आणि पावसाळ्यात दोन्ही मिळून वस्तूंवर चिकटून बसतात. बाईंनी शिकवलं ते आपण पाठ केलं. टॉर्च आडवा धरून आधी नुसतं बघायचं, कुठं काय सुटलंय. मग वरून खाली, कोरड्या मऊ कुंचल्यानं. ओलं फडकं नाही, तेल नाही, फुंकर तर नाहीच, कारण फुंकरीतून थुंकी उडते. धूळ हलकेच व्हॅक्युमच्या तोंडाकडे ढकलायची, तोंडावर मलमल बांधायची, म्हणजे एखादा टवका उडाला तरी मलमलीत अडकतो, हरवत नाही. मी हे सगळं दरवेळी मोठ्यानं म्हणायची. तुम्ही वस्तू दोन्ही हातांनी उचलायचात आणि तिला म्हणायचात, "हं, बोला." फोन खात्याची सवय, असं तुम्ही सांगायचात. मला मात्र वाटायचं, तुम्हाला पलीकडून काहीतरी ऐकू येत असणार.

एकदा वटारहून एक काकू आल्या होत्या. त्यांच्या घरचं पितळी घंगाळं आपल्याकडे दिलेलं. "आमचं भांडं असं काळं! लोकं काय बोलतील?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून चिंच काढली, आणि मी हातमोजे घालून पोचेपर्यंत अर्धं घंगाळं लखलखीत करून टाकलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काकू, अर्धं राहू द्या. चहा घ्या." ते घंगाळं अजून तसंच आहे, अर्धं काळं, अर्धं पिवळं. बघायला आलेली माणसं विचारायची आणि तुम्ही काकूंची गोष्ट सांगायचात. मला वाटायचं, या बाईला धूळ काढण्यापेक्षा माणसं जमवण्यात जास्त रस आहे. ते खरंही होतं.

पण गौरीवरून आपलं कधीच जमलं नाही.

मुखवटा तुमच्याच घरचा. कागदाच्या लगद्याचा, वर रंग, मोठे डोळे, नाकात रंगवलेली नथ. घर पाडून इमारत बांधायची ठरली तेव्हा तुम्ही तो संग्रहालयात ठेवलात, पण एका अटीवर. गौरीच्या दिवसांत तो घरी जाणार, तेरड्यावर बसणार, साडी नेसणार, जेवणार, आणि तिसऱ्या दिवशी तेरडा पाण्यात गेला की मुखवटा परत कपाटात येणार. "ती इथं नांदायला आलीय, माहेरी जाणारच," असं तुम्ही समितीला सांगितलंत. समितीतल्या पुरुषांना त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

मला सुचलं होतं. दर वर्षी ती परत यायची तेव्हा कपाळावर ओलं कुंकू असायचं. वर अक्षता चिकटलेल्या, गालावर उदबत्तीची काजळी. तुम्ही मुखवट्याची धूळ स्वतः काढायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत. अक्षता काढायचात, काजळी काढायचात, आणि कपाळ सोडून द्यायचात. कुंकवाचा थर वाढत वाढत चांगला करंगळीच्या नखाएवढा जाड झाला होता. मी सांगायची, पाण्यानं रंग सुटतो, थराच्या वजनानं खालचं निघून येईल, आज कपाळ आहे, उद्या गाल जाईल. आणि गालाचे पोपडे सुटायला लागलेच.

"ती धूळ नाही," तुम्ही म्हणायचात.

"मग काय आहे?"

"कुंकू आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं."

पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हटल्यावर माझं तोंड बंद व्हायचं. तुमच्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई, किती जणींची बोटं त्या कपाळाला लागली असतील, त्यांच्यापुढं मी कोण उपरी साताऱ्याची बाई? तरी मी हट्ट सोडला नाही. या वर्षी सरळ म्हणाले, नक्कल करून घ्या, ती घरी बसवा, खरी काचेत राहू दे. तुम्ही म्हणालात, "मग खरी गौर कुठली म्हणायची, जेवलेली की काचेतली?" मी म्हणाले, "ताई, या वर्षी नेलीत तर परत येताना तिला गाल नसेल." फोनवर बोलत होतो. तुम्ही म्हणालात, "फोनवर भांडण रंगत नाही. शुक्रवारी ये, समोर बसून भांडू."

शुक्रवार आलाच नाही. त्याआधीच एका सकाळी मनालीचा फोन आला. तुमची सून कधी रडत नाही, पण तिला तुमचं नावसुद्धा धड घेता येईना.

तुमच्या नव्या इमारतीच्या खाली, पार्किंगमध्ये सगळे उभे होते. तुम्हाला तिथं निजवलं होतं. मला रडू येत नव्हतं, ताई. मला सारखं वाटत होतं की संग्रहालयाची मागची खिडकी उघडी राहिलीय आणि धूळ आत येतेय. एवढी माणसं, एवढा आकांत, आणि माझ्या डोक्यात खिडकी. तुम्हाला नेल्यावर मी घरी न जाता इथं आले. खिडकी बंद होती. तुम्हीच लावून गेला होतात, कडीत कागदाची घडी सारून, वाऱ्यानं वाजू नये म्हणून. ती घडी बघितली आणि मग मला आवरलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी मनाली उमेळ्याला आली. दारातच उभी राहिली, आत येईना. "मावशी, आम्हाला सुतक आहे. वाडीत सगळी भावकीच, सगळ्यांनाच आहे. माझं माहेर कोल्हापूरला, तिकडं कुठं गौर पाठवू? गणपती आणला नाही ते चालेल, पण मोठी आई म्हणते गौर बसल्याशिवाय राहायची नाही. तुमच्याकडे बसवाल?"

मोठी आई म्हणजे तुमच्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्यापुढं तुमचं काही चालायचं नाही, माझं काय चालणार? तरी माझ्या तोंडून निघालं, "मुखवटा हलवू नये असं माझं मत आहे." मनाली म्हणाली, "मला माहितीय. आईंनी सांगितलंय. तुम्ही दोघी भांडायचात ते सगळं मला माहितीय. म्हणूनच तुमच्याकडे आले. तुमच्याइतकं जपून दुसरं कोण नेईल?"

बघा, मला कुठं आणून ठेवलंत. ज्या गौरीनं दाराबाहेर पाऊल टाकू नये म्हणून मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तिला मीच न्यायचं. ज्या कपाळाला ओलं बोट लागू नये म्हणून भांडले, त्याला माझंच बोट लावायचं. आमच्या सातारच्या घरी उभ्याच्या गौरी, पितळी मुखवटे, आणि सगळं थोरल्या जावेकडे. मी कधी एक गौर बसवलेली नाही. चुकलं तर तुमच्या घरच्यांना वर्षभर रुखरुख, आणि रंग गेला तर मला जन्मभर. नाही म्हणावं असं जिभेवर आलं होतं. मनालीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी हो म्हणाले.

नेण्याआधी मुखवट्याची धूळ काढणं भाग होतं, नाहीतर ओलाव्यानं ती चिकटून बसली असती. पहिल्यांदाच माझ्या हातात आली ती. टॉर्च आडवा धरला. डाव्या गालावर रंगाचा एक टवका एकाच कडेनं धरून उभा होता, उन्हात ठेवलेल्या पापडासारखा वाकून. कुंचला जवळ नेला की तो थरथरतोय असं वाटायचं. मी कुंचला खाली ठेवला, हात टेबलावर दाबून धरला, पुन्हा उचलला. शेवटी त्या टवक्याभोवतीची बोटभर जागा सोडूनच दिली. कपाळही सोडलं, कारण तुम्ही सोडायचात. धूळ काढताना काय सोडायचं हे मला तुम्ही शिकवलंत, असं आता म्हणावं लागेल. तेव्हा मी त्याला हट्टीपणा म्हणायची.

मग रिक्षा. खोक्यात कापूस, कापसावर टिश्यू, त्यावर गौर, आणि खोकं माझ्या मांडीवर. "भाऊ, हळू चालवा," असं मी बसल्या बसल्याच सांगितलं. त्यानं आरशातून बघितलं. "काय, काचेचं आहे काय?" मी म्हणाले, "गौर आहे." तर त्यानं चपला काढून पायापाशी ठेवल्या आणि अनवाणी चालवायला लागला. भक्ती एवढी, पण खड्डे चुकवण्याचं नाव नाही. प्रत्येक खड्ड्याला मी खोकं हातांवर उचलून धरायची आणि स्वतः आदळायची. कंबर अजून दुखतेय.

घरी तेरड्याची मोळी आणलेली होती. ती ओली असते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कागदाचा मुखवटा ओल्या पाल्यावर! मी मधे बटर पेपरची घडी घातली, वर सुती कापड, मग मुखवटा बांधला. हे म्हणाले, "देवीला रेनकोट घातलास." मला हसू आलं नाही. तुम्हाला आलं असतं.

दारात पावलं काढली, हळदीकुंकवाची. शेजारणी जमल्या. मनालीनं व्हिडिओ कॉल लावून दिला होता, कारण मोठ्या आईला माझ्यावर भरवसा नव्हता. सुतकात घराबाहेर पडायचं नाही, पण फोनवरून हुकूम सोडायला शास्त्रात आडकाठी नसावी. "पाट सरकव." "दिवा उजवीकडं घे गो." "आता पानी घे, कुंकू कालव."

माझ्या करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडलेलं होतं. मुखवटा समोर, टपोऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. बोट पुढं जाईना. लॅबमध्ये रक्त काढायला शिकले तेव्हासुद्धा हात इतका जड झाला नव्हता. मी फोनकडे बघून विचारलं, "मोठ्या आई, रंग सुटतोय हो. कपाळाला लावलंच पाहिजे का?"

"कपाळाला कशाला लावतंस?" फोनमधून आवाज आला. "सुपारी ठेवलीस ना पुढ्यात? तिला लाव."

"सुपारीला चालतं?"

"चालतं म्हंजे! आमच्या सासूनं मुखवट्याला कदी बोट नाय लावू दिलं. रंग जायचा बोलायची. सगळी पूजा सुपारीला."

मी म्हणाले, "अहो, मग हे कपाळावरचं? एवढा थर? पिढ्यान्‌पिढ्यांचं कुंकू आहे ना हे?"

"कसल्या पिढ्या? ता कुमूदचं. तुमच्याकडं ठेवाया दिल्यापासून तीच लावायची. मी बोलले, कशाला गो लावतंस, रंग जाईल. तर बोलली, 'आता ती कपाटात बसनार, लोकं बघाया येनार, ह्याचा कागद कसला नि रंग कसला ता बोलनार. ती कोन हाय ता कोनीतरी तिला सांगाया पायजे ना?'"

फोनमध्ये मोठी आई पुढं काय काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही.

ताई, तुम्ही मला फसवलंत. इतकी वर्षं पिढ्यान्‌पिढ्या म्हणून माझं तोंड बंद केलंत आणि पिढ्या म्हणजे फक्त तुम्ही. ज्या घरात सासवा बोट लावू देत नव्हत्या, त्या घरात तुम्ही बोट लावलंत, आणि तेही ती माझ्या ताब्यात आल्यावर, मी आरडाओरडा करत असताना, मला न जुमानता. मला इतका राग आला की शेजारणींसमोर डोळे भरून आले. त्यांना वाटलं, भक्तीनं आले. रागानंच आले होते. मग राग कुठं गेला ते कळलं नाही, नुसतं भरून येत राहिलं.

म्हणजे मी दर वर्षी जे काढून टाका म्हणून भांडत होते ते तुमचं बोट होतं. आपण एकमेकींना ओळखायला लागल्यापासूनचं एकेक वर्ष तिथं एकावर एक बसलेलं होतं, आणि मी त्याला चिकट मळ म्हणत होते.

माझं कुंकवाचं ओलं बोट तसंच होतं. आता लावायची इच्छा झाली. खरंच झाली, आयुष्यात पहिल्यांदा. पण मी लावलं असतं तर तुमच्यावर माझं बसलं असतं. शेवटचं तुमचं राहिलं नसतं. मी ते बोट सुपारीला लावलं. तुमच्या सासूबाईंचं ऐकलं, म्हणजे माझंच खरं केलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ते तुमच्यासाठी केलं.

तीन दिवस घरात फोडणी देताना मी खिडक्या उघड्या ठेवल्या. उदबत्ती बाहेर गॅलरीत लावली. पूजेच्या दिवशी भाजी करपली, कारण मी मधेच येऊन गाल बघत होते. तुम्ही जेवायला घालायचात ते सगळं केलं, पानावर अळूवडी ठेवली, तुम्हाला आवडायची म्हणून. गौरीला आवडते का ते मी विचारलं नाही. निरोपाच्या वेळी सगळ्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी लवकर ये. मी म्हणाले नाही. मला वाटलं, आधी आज तरी नीट पोचू दे.

तेरडा तळ्यात सोडला आणि मुखवटा घेऊन इथं आले. हे सगळं तुम्हाला सांगेपर्यंत बराच वेळ गेला. बाहेर खडी उतरवणारा ट्रक निघून गेला.

उघडते.

गाल आहे. ताई, गाल आहे. तो टवका तसाच वाकून उभा आहे, एका कडेवर, हट्टी. मी टॉर्च दोन बाजूंनी धरून बघितलं. कापसावर रंगाचा कण नाही. पण कापसावर लाल पडलंय. कपाळावरचं कुंकू रिक्षात सुटलंय. थराची एक कड मोकळी झालीय आणि चिमूटभर भुकटी गालावरून कापसावर उतरलीय.

मी गाल सांभाळत बसले आणि सुटलं ते हे. कुंकू काय, चिकटवलेलं थोडंच असतं? दर वर्षी थोडं थोडं पडत जाणार. मी किती जपलं तरी पडणार. एक दिवस तिथं काही उरणार नाही, आणि माझ्याच कुंचल्याखाली ते जाईल. हे मला इथं बसल्या बसल्या लख्ख कळलं.

बाईंनी शिकवलं होतं, धूळ मलमलीत घेऊन टाकून द्यायची, आणि वस्तूचा सुटलेला तुकडा कागदाच्या पुडीत घालून वस्तूजवळ ठेवायचा. ही भुकटी धूळ आहे की तुकडा, ते सांगायला तुम्ही नाही. मी कुंचला हातात घेऊन किती तरी वेळ विचार करत बसले. पुडी बांधावी तर काय लिहू वर? कपाटात बंद करून ठेवायला तुम्हीही तयार झाला नसतात.

मग मी उजव्या हाताचा मोजा काढला. संग्रहालयात उघड्या हातानं वस्तूला शिवायची माझी पहिली वेळ. कापसावरचं ते लाल बोटावर घेतलं, आणि माझ्या कपाळाला लावलं.